टक्करी शून्य, तरी दोन वर्ग मैदानात

नवीन वेळापत्रकाच्या पहिल्याच सोमवारी, तिसऱ्या तासाला, सातवी ब आणि आठवी अ हे दोन्ही वर्ग रांगेनं मैदानात आले. दोघांनाही खेळाचा तास होता आणि सर एकच होते. त्यांनी दोन्ही वर्ग एकत्र घेऊन तास निभावला आणि मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. मी संगणकावर वेळापत्रक उघडलं आणि तपासणी पुन्हा चालवली. उत्तर आधी आलं होतं तेच आलं: टक्करी शून्य, म्हणजे कोणीही एकाच वेळी दोन ठिकाणी नाही.

कारण सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. शिक्षकांच्या यादीत एका ओळीत 'पी.टी. सर' होतं आणि दुसऱ्या ओळीत 'पीटी सर'. यादी मीच भरली होती, दोन वेगवेगळ्या दिवशी. सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन माणसं होती, आणि दोन माणसं एकाच वेळी दोन वर्गांवर असतील तर त्यात चूक कसली? त्याला मिळालेल्या माहितीला धरून त्याचं उत्तर अगदी बरोबर होतं.

वेळापत्रकाचं काम ज्यांच्याकडे येतं त्या प्रत्येकाला मी हा प्रसंग आधी सांगते. सॉफ्टवेअरला शाळा दिसत नाही. आपण भरलेली नावं, आकडे आणि नियम यांच्याशी मांडणी जुळते की नाही, एवढंच ते पाहतं. त्यामुळे चुका शोधायच्या त्या आधी आपल्या माहितीत. मांडणीचं बटण दाबण्यापूर्वी त्यातल्या बऱ्याचशा सापडू शकतात.

अवघड नेमकं काय आहे

समजा शाळा आठवड्याला 5 दिवस भरते आणि रोज 7 तास होतात. म्हणजे प्रत्येक वर्गाला 35 खाने. 35 वेगवेगळे तास या 35 खान्यांत किती प्रकारे ठेवता येतील? 1 वर 40 शून्यं ठेवून येणाऱ्या संख्येहून थोडे जास्त. गणिताचे पाच तास एकमेकांसारखेच असतात, म्हणून खरी संख्या याहून बरीच लहान आहे, पण एकेक करून तपासण्याजोगी ती तरीही नाही. आणि हा झाला फक्त एक वर्ग.

तरीही या कोड्याचा एक भाग सोपा आहे. डाव्या बाजूला सगळे शिक्षक लिहा, उजव्या बाजूला सगळे वर्ग. ज्या शिक्षकाचा ज्या वर्गावर जितके तास, तितके दोरे त्या दोघांमध्ये बांधा. आता प्रत्येक दोऱ्याला एक रंग द्यायचा. रंग म्हणजे आठवड्यातला एक खाना: सोमवारचा पहिला तास लाल, दुसरा निळा, असे 35 रंग. अट एकच. कुठल्याही शिक्षकाकडे किंवा कुठल्याही वर्गाकडे एका रंगाचे दोन दोरे येता कामा नयेत. डेनेश कोनिग या हंगेरियन गणितज्ञानं 1916 मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाचा इथे अर्थ असा निघतो, की कोणाकडेच 35 पेक्षा जास्त दोरे नसतील, तर 35 रंगांत हे काम नक्की होतं. नेहमी होतं. म्हणजे 'टक्कर नको' हा एवढाच नियम असेल तर नुसती बेरीज करून सांगता येतं, की वेळापत्रक बसणार आहे.

अडचण येते ती बाकीच्या अटींनी. एक बाई आठवड्याचे तीनच दिवस येतात. प्रयोगशाळा एकच आहे. जोडतास, म्हणजे लागोपाठचे दोन तास, मधल्या सुट्टीनं तुटायला नको. शिमॉन इव्हन, अलोन इताई आणि आदी शमीर या तिघांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवलं, की काही शिक्षक काही वेळांना नसतात एवढी एकच अट घातली तरी कोडं अवघडांच्या पंक्तीत जाऊन बसतं, आणि त्यासाठी सगळे मिळून तीन खाने असले तरी पुरतात. (आरएसए या प्रसिद्ध गुप्तलेखन पद्धतीतला 'एस' तो याच शमीर यांचा.) संगणकशास्त्रात या पंक्तीला 'एनपी-कम्प्लीट' म्हणतात. तयार उत्तर कोणी हातात दिलं तर ते बरोबर की चूक हे झटपट तपासता येतं. पण उत्तर शोधून काढायला, प्रत्येक वेळी खात्रीनं लवकर संपेल अशी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही.

आपल्या कामासाठी यातलं 'झटपट तपासता येतं' हे मोलाचं आहे. तपासणी ही या कोड्याची सोपी बाजू. संगणक शेकडो तासांच्या टक्करी क्षणात तपासतो आणि त्यात चुकत नाही. म्हणूनच आपला त्याच्यावर इतका विश्वास बसतो, की आपण त्याला काय सांगायचं विसरलो हे पाहायचं राहून जातं.

बटण दाबण्याआधीची मोजदाद

सगळ्यात आधी नावं. मस्टरवर 23 शिक्षक असतील तर सॉफ्टवेअरच्या यादीतही 23च हवेत. 24 दिसले तर कोणीतरी दोनदा आलंय. यादी अक्षरानुक्रमानं लावली की जुळी नावं बहुतेक शेजारी येतात आणि नजरेला पडतात. मराठीत भरताना याहून लबाड एक सापळा आहे. 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' ही अक्षरं संगणकात दोन प्रकारे लिहिली जातात: एकात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखी. आडनावात असं अक्षर असलेल्या शिक्षकांचं नाव दोघांनी दोन कळफलकांवरून भरलं, की डोळ्यांना एक आणि सॉफ्टवेअरला दोन. नावामागे चुकून राहिलेली मोकळी जागाही तसाच घोटाळा करते. म्हणून मी आता प्रत्येकाला छोटं सांकेतिक नाव देते, 'ग1', 'वि2' असं, आणि ते एकदाच टाइप करते. पुढे सगळीकडे यादीतून निवडायचं, पुन्हा टाइप करायचं नाही.

मग कार्यभार. कोण, कुठल्या वर्गावर, कुठला विषय, आठवड्याला किती तास: या चार रकान्यांचा एक तक्ता हवा. वर्गानुसार बेरीज केली की ती 35 च्या वर जाता कामा नये, आणि शाळेनं ठरवलेल्या विषयवार तासांशी ओळ न् ओळ जुळायला हवी. शिक्षकानुसार बेरीज त्यांना वाटून दिलेल्या तासांएवढी यायला हवी. बहुतेक सॉफ्टवेअर या बेरजा स्वतःच दाखवतात. फेट नावाच्या खुल्या, मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी आकडेवारीचा स्वतंत्र मेनू आहे. त्या पानावर दहा मिनिटं घालवली तर पुढचे दोन दिवस वाचतात, हे मी अनुभवानं सांगते.

बेरजेतून न सापडणारी एक चूक मात्र बारकाईनं पाहण्यासारखी आहे: वर्गाचे गट पडतात तेव्हाची. समजा सातवी अ मधली अर्धी मुलं संगणकाला जातात आणि त्याच वेळी उरलेली अर्धी चित्रकलेला, आठवड्यातून दोनदा. हे भरताना दोन्ही विषय अख्ख्या वर्गाच्या नावावर टाकले, तर वर्गाची बेरीज दोनानं फुगते आणि चूक लगेच उघडी पडते. ही साधी चूक. दुसरी अशी, की गट नीट पाडले, प्रत्येक गटाला त्याचा विषय दिला, पण 'हे दोन्ही तास एकाच वेळी' हा नियम द्यायचा राहिला. आठवडा काठोकाठ भरलेला असेल तर काही बिघडत नाही. अख्ख्या वर्गाचे 33 तास बसले की दोनच खाने उरतात आणि दोन्ही गटांना तिथेच जावं लागतं. पण अख्ख्या वर्गाचे तास 31 असतील तर चार खाने उरतात. मग गट एक मंगळवारी पाचव्या तासाला संगणकाला जातो, गट दोनची चित्रकला बुधवारी लागते, आणि मंगळवारी पाचव्या तासाला अर्धा वर्ग कोणाच्याही देखरेखीशिवाय बसून राहतो. टक्कर कुठेच नाही. सॉफ्टवेअर काही बोलत नाही. मागच्या वर्षी काठोकाठ भरलेल्या आठवड्यात हीच माहिती बिनघोर चालली होती, म्हणून यंदा कोणाला शंकाही येत नाही. यावर उपाय दोन आहेत आणि मी दोन्ही करते. तास एकत्र बांधायचे, आणि मुलांच्या वेळापत्रकात मध्येच मोकळा तास नको असा नियम घालायचा.

जोड्या जमतात, तिघं जमत नाहीत

आता न बसणाऱ्या वेळापत्रकांकडे येऊ. इथे नियम एकेकटे पाहिले तर निर्दोष असतात, पण एकत्र नांदू शकत नाहीत.

गणिताच्या एक बाई आठवड्यातून तीनच दिवस येतात. चार तुकड्यांना शिकवतात, प्रत्येकीला आठवड्याला 5 तास, म्हणजे 20 तास. तीन दिवसांचे खाने 3 × 7 = 21. बसतंय, एक तास शिल्लकही राहतो. पण शाळेत सर्वांना लागू असा एक चांगला नियम आहे: कोणालाही दिवसात 6 पेक्षा जास्त तास नकोत. मग तीन दिवसांत होतात 18. बाईंना हवेत 20. वीस तास आणि तीन दिवस जमतं. वीस तास आणि रोज सहा, पाच दिवसांत जमतं. तीन दिवस आणि रोज सहा यांचंही भांडण नाही. तिन्ही एकत्र आले की वेळापत्रक अशक्य, मग संगणक आठवडाभर चालू ठेवा. आणि 'एका वर्गाला एका दिवशी एक विषय एकदाच' हा नियम जर सक्तीचा केला असेल, तर प्रत्येक तुकडीला गणिताचे पाचऐवजी तीनच तास मिळू शकतात. म्हणजे एकाच कार्यभारात दोन स्वतंत्र अशक्य गोष्टी. एक सोडवली तरी दुसरी उभीच असते, आणि म्हणून 'मी तर दुरुस्त केलं, तरी का होत नाही' असं वाटत राहतं.

दुसरं उदाहरण प्रयोगशाळेचं. ते मला जास्त आवडतं, कारण तिथे बेरीज फसवते. प्रयोगशाळा एक. आठ तुकड्या, प्रत्येकीला आठवड्यातून दोन जोडतास. म्हणजे 16 जोडतास, 32 तास. खाने 35. तीन उरतात, म्हणून कोणी काळजी करत नाही. पण मधली सुट्टी चौथ्या तासानंतर आहे आणि जोडतास सुट्टीच्या आरपार जाऊ शकत नाही. सुट्टीआधी चार तास, म्हणजे दोन जोडतास. सुट्टीनंतर तीन तास, म्हणजे एक जोडतास आणि एक सुटा तास, जो प्रयोगाच्या कामाचा नाही. दिवसाला तीन जोडतास, आठवड्याला 15. हवेत 16. एक जोडतास काही केल्या बसणार नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर जवळजवळ सगळं वेळापत्रक लावतं आणि शेवटच्या एका जोडतासापाशी अडून राहतं. आपल्याला वाटतं, थोडा वेळ आणखी दिला तर होईल. होणार नाही.

या दोन्ही उदाहरणांमागे एकच विचार आहे. कुठलेही काही तास एकत्र घ्या आणि ते जिथे जिथे जाऊ शकतात त्या जागा मोजा. जागा कमी पडल्या तर प्रश्न संपला. इंग्लंडमधल्या फिलिप हॉल यांनी 1935 मध्ये हीच अट जोड्या जुळवण्याच्या गणितासाठी प्रमेय म्हणून मांडली. नुसत्या जोड्या जुळवायच्या असतील तर ही मोजणी पास होणं पुरेसं असतं. वेळापत्रकात पुरेसं नसतं, पण नापास झाली तर वेळापत्रक बसणार नाही हे नक्की. मोजणी कुठे करायची? जिथे दाटी आहे तिथे: अर्धवेळ येणारे शिक्षक, एकुलती एक खोली, जोडतास, आणि ठरावीक वेळीच हवे असणारे तास. वर्गशिक्षकांनी रोज पहिला तास आपल्याच वर्गावर घ्यावा असा नियम असेल, तर हेही बघा की त्यांना त्या वर्गावर आठवड्याला 5 तास तरी आहेत. इतिहासाचे तीनच तास घेणारे वर्गशिक्षक पाच दिवस पहिला तास कुठून आणणार?

'होत नाही' या उत्तराचा अर्थ

फेटवर रोमानियातल्या लिव्हियू लालेस्कू यांनी 2002 मध्ये काम सुरू केलं. त्याची पद्धत समजून घेतली तर त्याचे संदेश वाचायला सोपे जातात. ते आधी अवघड तास ओळखतं, म्हणजे ज्यांच्यावर बंधनं जास्त आहेत ते, आणि त्यांना आधी जागा देतं. एखाद्या तासाला मोकळी जागा मिळाली नाही, तर कमीत कमी नुकसानीची जागा शोधून तिथले तास उचलतं, हा तास तिथे ठेवतं आणि उचललेल्यांना दुसरीकडे जागा शोधतं. त्यांच्यासाठी कदाचित आणखी कोणाला उठवावं लागतं. भरलेल्या खोलीत कपाट आत घेण्यासाठी आधी खुर्च्या सरकवाव्या लागतात आणि खुर्च्यांसाठी टेबल, तसंच.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. ज्या तासापाशी गाडी अडली तो तास गुन्हेगार असेलच असं नाही. त्याची जागा आधी कोणीतरी घेतलेली असते. पण अवघड तास आधी लावलेले असल्यामुळे, वारंवार एकाच शिक्षकाच्या किंवा एकाच खोलीच्या तासांपाशी अडत असेल, तर मोजणी तिथे करायची. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: सॉफ्टवेअरला उत्तर सापडलं नाही आणि उत्तर अस्तित्वातच नाही, यात फरक आहे. शोधण्याची ही पद्धत अनुभवी अंदाजावर चालते. दहा मिनिटांत न मिळालेलं वेळापत्रक पुन्हा नव्यानं सुरू केल्यावर दोन मिनिटांत मिळतं, असंही होतं. म्हणून दोन-तीनदा चालवून बघावं. तरीही एकाच ठिकाणी अडत असेल तर मात्र वाट बघणं थांबवून नियमांकडे वळावं.

कुठले नियम एकमेकांशी भांडतात हे हातानं शोधता येतं, आणि त्याची रीत साधी आहे. फाइलची प्रत करून घ्या. आता एकेक नियम बंद करत जा, आणि प्रत्येक वेळी मांडणी चालवा. एक नियम बंद केला आणि तरीही वेळापत्रक अडतंय? मग या भांडणात त्या नियमाची गरज नाही. तो बंदच राहू द्या. नियम बंद करताच वेळापत्रक बसलं? मग तो भांडणाचा भाग आहे. त्याला पुन्हा चालू करा आणि पुढच्या नियमाकडे जा. सगळे नियम असे पाहून झाले की जे चालू राहिलेले असतील, ते म्हणजे एकत्र न नांदणारा गट, आणि त्यातला कुठलाही एक काढला तर भांडण मिटतं. चाळीस नियमांसाठी चाळीस खेपा होतात, पण जे नियम उघडच निर्दोष आहेत ते आधी एकदम झुंडीनं बंद करून पाहिले तर काम निम्म्याहून कमी होतं. फेटमध्ये नियम न पुसता तात्पुरता निष्क्रिय करता येतो, त्यासाठीच.

शेवटी हातात तीन-चार नियम राहतात. आता हे काम संगणकाचं उरत नाही. 'बाईंचे तीन दिवस, वीस तास, रोज सहा: यातलं एक सोडावं लागेल' असा कागद मुख्याध्यापकांसमोर ठेवायचा. 'सॉफ्टवेअर घेत नाही' असं सांगितलं की समोरच्याला ती तांत्रिक तक्रार वाटते. तीन नियम आणि 18 विरुद्ध 20 हा हिशोब दाखवला की पाच मिनिटांत निर्णय होतो. एक तुकडी दुसऱ्या शिक्षकांना देता येते, किंवा बाई चौथ्या दिवशी अर्धा दिवस येऊ शकतात. यातलं काय योग्य, हे ज्यांना त्या बाई आणि ती मुलं ठाऊक आहेत त्यांनीच ठरवायचं.

सक्तीचे नियम, इच्छेचे नियम

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नियमाला वजन देता येतं. 100 टक्के म्हणजे मोडायचाच नाही. त्याहून कमी म्हणजे शक्यतो पाळ. फेटमध्ये एका विषयाचे तास वेगवेगळ्या दिवशी पसरवण्याच्या नियमाला मुळात 95 टक्के वजन दिलेलं असतं, आणि त्यामागे विचार आहे: पाच दिवसांच्या आठवड्यात विषयाचे सहा तास असतील तर एखाद्या दिवशी दोनदा येणारच.

नवीन माणूस उत्साहानं सगळे नियम 100 टक्क्यांवर नेतो आणि काहीच बसत नाही. मग वैतागून सगळे खाली आणतो. वेळापत्रक झटकन होतं आणि त्यात काय काय मोडलं हे पाहायचं राहतं. मोडलेल्या सौम्य नियमांची यादी फेट वेगळी देतं. ती लांब असली तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी. एएससी टाइमटेबल्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही मांडणीपूर्वीची चाचणी वेगळी आणि तयार वेळापत्रकाची पडताळणी वेगळी आहे. एक केली म्हणून दुसरी चुकवू नये.

कागदावर वाचताना

सगळं शून्य दिसलं, की मी प्रत्येक वर्गाचं, प्रत्येक शिक्षकाचं आणि प्रत्येक खास खोलीचं पान छापते आणि पेन्सिल घेऊन बसते. एकदा एका वर्गाच्या पानावर गणित असं आलं होतं: सोमवार सातवा तास, मंगळवार सातवा, बुधवार सहावा, गुरुवार सातवा, शुक्रवार सातवा. रोज एकदा, पाच वेगळे दिवस, कुठेही टक्कर नाही. एकही नियम मोडलेला नव्हता. पण त्या वर्गातली मुलं वर्षभर गणित शिकणार ती थकलेल्या डोक्यानं, आणि शेजारच्या तुकडीला तेच गणित पहिल्या-दुसऱ्या तासाला. मला हे फार लागलं, कारण ही चूक कुठल्याच अहवालात दिसली नसती, आणि ती भोगणाऱ्या मुलांनी तक्रारही केली नसती. 'शेवटच्या दोन तासांत एका विषयाचे आठवड्याला जास्तीत जास्त दोन' असा नियम तेव्हापासून प्रत्येक मुख्य विषयाला आहे.

शिक्षकांच्या पानावर बघायचं ते ऑफ तासांचं वाटप. कोणाला एका दिवशी सलग सहा आणि दुसऱ्या दिवशी दोनच, असं तर नाही ना? एका इमारतीतल्या वरच्या मजल्यावरून दुसऱ्या इमारतीत लागोपाठ जायचं असेल तर मधली दोन मिनिटं सॉफ्टवेअरला माहीत नसतात. खोल्यांच्या पानावर एक गोष्ट: मैदान ही खोली म्हणून भरलेली आहे का? आमच्या त्या सोमवारी मैदान 'एकावेळी एक वर्ग' अशी जागा म्हणून भरलेलं असतं, तर नावाची चूक तिथे अडकली असती. एकच गोष्ट दोन बाजूंनी बांधलेली असेल तर एका बाजूची चूक दुसरी बाजू पकडते.

सॉफ्टवेअरच्या बाहेरही एक तपासणी करता येते. वेळापत्रक स्प्रेडशीटमध्ये घ्या, प्रत्येक तासाची एक ओळ: दिवस, तास, वर्ग, शिक्षक, खोली. शेजारच्या रकान्यात 'काउंटइफ्स' (COUNTIFS) हे मोजणीचं सूत्र वापरून हाच दिवस, हाच तास, हाच शिक्षक किती ओळींत आहे ते मोजा. 1 पेक्षा मोठा आकडा म्हणजे टक्कर, किंवा मुद्दाम एकत्र केलेले वर्ग. खोलीसाठी आणि वर्गासाठीही तेच करा. गट पाडलेल्या वर्गाला 2 येणं बरोबर आहे, तिथे 1 आला तरच शंका घ्या. ज्या माहितीवरून वेळापत्रक बनलं तिच्याशी न जुळवता, शाळेच्या मूळ विषयवाटपाच्या कागदाशी एका तरी वर्गाचे विषयवार तास हातानं मोजून पाहावेत. माहिती भरतानाच चूक झाली असेल, तर ती चूक माहितीशी कितीही वेळा ताडली तरी बरोबरच ठरते.

मध्येच बदल होतो तेव्हा

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका वेळापत्रक बनवताना होत नाहीत. त्या होतात दोन महिन्यांनी, कोणी दीर्घ रजेवर गेल्यावर. घाई असते, म्हणून कोणीतरी स्प्रेडशीटमध्ये किंवा भिंतीवरच्या कागदावर पेनानं दोन तास अदलाबदल करतं. ती अदलाबदल बरोबरही असते. पण मूळ फाइलला ती कळत नाही, आणि पुढचा बदल मूळ फाइलवरून केला की पहिला पुसला जातो. म्हणून बदल लहान असला तरी सॉफ्टवेअरमध्येच करावा. जे हलवायचं नाही ते तास जागेवर लॉक करावेत, म्हणजे नवीन मांडणीत अख्ख्या शाळेची घडी विस्कटत नाही. मग हातानं ओढून ठेवलेल्या तासांसकट पडताळणी पुन्हा चालवावी.

प्रत्येक छापील पानाच्या तळाशी तारीख आणि क्रमांक टाकते. शिक्षकांच्या खोलीतलं, प्रत्येक वर्गातलं आणि मैदानाशेजारच्या फळ्यावरचं जुनं पान मी स्वतः जाऊन काढते, मगच नवीन लावते. आणि नवीन शिक्षकांचं नाव यादीत घातलं की यादीच्या टोकाला जाऊन नावं मोजते, मस्टर शेजारी ठेवून.